अजगराचा रंग आणि त्याचे मोल

आफ्रिकेत सेनेगलपासून युगांडापर्यंत पसरलेल्या गवताळ पट्ट्यात एक लहानखुरा अजगर आढळतो. त्याची लांबी सामान्यतः एक ते दीड मीटर असते. तो बिनविषारी असून स्वभावाने भित्रा आहे. शत्रूची चाहूल लागताच तो डोके मध्ये घेऊन अंगाचे घट्ट वेटोळे करतो व चेंडूसारखा गोल होतो. यावरूनच त्यास ‘बॉल पायथन’ हे नाव पडले. पायथन रेजियस हे त्याचे शास्त्रीय नाव होय. त्याच्या काळसर अंगावर पिवळट तपकिरी ठिपके असतात. वाळलेल्या पाल्यात अथवा बिळाच्या तोंडाशी असा रंग सहज मिसळून जातो.

हाच साधा साप आज एका विलक्षण बाजाराचा विषय झाला आहे. अमेरिका व युरोप येथे पांढरे, केशरी, फिकट जांभळे वा ठिगळांच्या नक्षीचे बॉल पायथन हौसेने पाळले जातात, आणि त्यांची पैदास करणे हा अनेकांचा व्यवसाय आहे. अशा प्रत्येक रंगप्रकारास पैदासकार ‘मॉर्फ’ म्हणतात. मूळ प्रकारांच्या संकरांतून निघालेल्या मॉर्फांची संख्या हजारोंच्या घरात गेली आहे.

रंगाचे मूळ

सापाच्या त्वचेत मुख्यतः तीन प्रकारच्या रंगपेशी असतात. काहींत मेलॅनिन हे काळे-तपकिरी रंजकद्रव्य असते, काहींत पिवळी व तांबडी द्रव्ये असतात, तर काहींतील सूक्ष्म स्फटिक प्रकाश परावर्तित करतात. मेलॅनिन तयार होण्यास टायरोसिनेज नावाचे एंझाइम लागते. ते घडविणाऱ्या जनुकात बिघाड झाला, तर काळा रंग उमटतच नाही. मग पांढऱ्या अंगावर पिवळी नक्षी आणि तांबडे डोळे असलेला वर्णहीन साप जन्मास येतो. अमेरिकेतील ईस्टर्न मिशिगन विद्यापीठात संशोधकांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने या बिघाडाचा शोध घेतला व २०२२ साली तो प्रसिद्ध केला. त्यासाठी एकाही सापास इजा करावी लागली नाही. सर्पपालकांनी पाठविलेल्या कातींतूनच त्यांना आनुवंशिक द्रव्य मिळाले.

मेंडेलचा नियम आणि बाजारभाव

वर्णहीनतेचे जनुक अप्रभावी आहे. वर्णहीन साप व शुद्ध वन्य रंगाचा साप यांचा संकर केल्यास सर्व पिल्ले वन्य रंगाचीच निघतात. मात्र त्यांतील प्रत्येक पिल्लू त्या जनुकाचे वाहक असते. अशा दोन वाहकांचा संयोग झाला, तर सरासरीने चारांत एक पिल्लू वर्णहीन होते. ग्रेगोर मेंडेल याने १८६६ साली वाटाण्याच्या प्रयोगांवरून मांडलेला नियम तो हाच.

परंतु सरासरी ही काही हमी नव्हे. मादी एका वेळी ३ ते ११ अंडी घालते. सहा अंडी धरली, तरी त्यांतून एकही वर्णहीन पिल्लू न निघण्याची शक्यता सुमारे १८ टक्के असते. दोन निरनिराळे अप्रभावी गुण एकाच सापात हवे असतील, तर प्रमाण सोळांत एक इतके घटते, आणि सहाही अंडी वाया जाण्याची शक्यता सुमारे ६८ टक्क्यांवर जाते. शिवाय मादी वयात येण्यास बहुधा तीन वर्षे लागतात. नव्या मॉर्फला हजारो डॉलर पडतात, त्यात या प्रतीक्षेचे मोलही धरलेले असते.

तथापि या भावातच त्याच्या घसरणीचे बीज असते. १९९२ साली अमेरिकेत वर्णहीन बॉल पायथनांची बंदिवासात पैदास झाली, तेव्हा ते अत्यंत दुर्मिळ होते. पण ज्याने असा साप विकत घेतला, तो स्वतःच पुढे पैदासकार झाला. पिल्ले वाढत गेली आणि दुर्मिळता उरली नाही. आज तसा साप पूर्वीच्या किमतीच्या अल्पांशात मिळतो. म्हणून पैदासकारांस सतत नव्या रंगाचा शोध घ्यावा लागतो.

डोलणारा साप

या शोधाची किंमत कधी कधी सापास मोजावी लागते. १९९९ साली अमेरिकेत ‘स्पायडर’ नावाच्या मॉर्फची पैदास सुरू झाली. कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषांमुळे तो लोकप्रिय झाला. त्याचे जनुक प्रभावी असल्याने पहिल्याच पिढीत निम्मी पिल्ले तशी निघतात, ही सोय व्यापारास मानवली. परंतु हे साप कमी-अधिक प्रमाणात डोके डोलवितात, मान पिळतात, काहींचा भक्ष्यावरील नेमही चुकतो. २०२२ साली जर्मनीतील संशोधकांनी सूक्ष्म क्ष-किरण चित्रणाने त्यांचे अंतर्कर्ण तपासले. तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिका व त्यांच्या लगतची पिशवी यांची घडण त्यांना विकृत आढळली.

रंगाचा आणि कानाचा संबंध काय, असा प्रश्न येथे पडतो. भ्रूणावस्थेत रंगपेशी ज्या पेशीसमूहातून निघतात, त्यातूनच शरीराचे इतर अनेक भागही घडतात. तेथे झालेला बदल केवळ त्वचेपुरता राहील, असे नाही. रंगाची निवड करणारा मनुष्य नकळत सबंध प्राण्याचीच निवड करीत असतो.

अरण्य आणि कायदा

बंदिवासातील पैदास वाढली, तरी अरण्यावरील भार पुरता उतरलेला नाही. १९७५ नंतर पश्चिम आफ्रिकेतून तीस लाखांहून अधिक बॉल पायथन परदेशी गेले. त्यांतील बरेचसे टोगो, बेनिन व घाना या देशांतून पाठविले गेले. गाभण माद्या पकडून त्यांची अंडी बंदिस्त जागी उबवावयाची व पिल्ले निर्यात करावयाची, अशी तेथील एक पद्धती आहे. आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाने २०२१ साली ही जाती संकटासन्न वर्गात मोडते, असे ठरविले.

या व्यापाराची वाट भारतापर्यंतही येते. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई विमानतळावर बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात बिस्किटे व केक यांच्या पाकिटांत दडविलेले साप सापडले. त्यांत बॉल पायथनही होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी करणे बंधनकारक आहे.

वन्य स्थितीत पांढरा अजगर क्वचितच दिसतो, कारण पाल्यात लपता न आल्याने तो शिकारी पक्ष्यांच्या दृष्टीस चटकन पडतो. जी उणीव अरण्यात प्राणघातक ठरते, तिलाच बाजारात सर्वाधिक भाव येतो. तो भाव सापाच्या प्रकृतीविषयी मात्र काहीच सांगत नाही. ती जाणून घ्यावयाची, तर त्याचा तोल, त्याची शिकार व त्याची चाल यांचेच निरीक्षण करावे लागते.