मसाल्याच्या डब्यातली ताकद

पावसाची झड लागली की घराघरांत हळदीचं दूध तापतं, काढा उकळतो, फोडणीत लसूण सढळ हातानं पडते. संसर्गाशी लढण्याचं बळ या पदार्थांतून खरंच मिळतं का?

आधी लसूण पाहू. अख्ख्या पाकळीला फारसा वास येत नाही. ती ठेचली की पेशी फुटतात, आतलं ॲलिनेज हे विकर ॲलिनशी भिडतं आणि काही सेकंदांत उग्र वासाचं ॲलिसिन तयार होतं. जिवाणूंना रोखणारं हे संयुग १९४४ मध्ये ओळखलं गेलं. पाकळी थेट कडकडीत तेलात टाकली तर विकर निकामी होतं आणि ॲलिसिन बनायचं राहून जातं. म्हणून लसूण ठेचून दहा मिनिटं तशीच ठेवावी, मग फोडणीत घालावी.

हळदीची अडचण वेगळी आहे. तिच्यातलं कर्क्युमिन वजनाच्या साधारण तीन टक्के असतं. ते आतड्यातून रक्तात फारसं उतरत नाही. उतरतं त्याचीही यकृत झटपट विल्हेवाट लावतं. १९९८ मध्ये बंगळूरच्या सेंट जॉन्स मेडिकल कॉलेजातल्या संशोधकांनी स्वयंसेवकांना २ ग्रॅम कर्क्युमिनसोबत मिऱ्यातलं २० मिलिग्रॅम पायपरिन दिलं. कर्क्युमिनची उपलब्धता सुमारे २० पट झाली. हळदीच्या दुधात मिरपूड घालण्याला असा आधार आहे.

मात्र २ ग्रॅम कर्क्युमिनसाठी ६५ ग्रॅमच्या आसपास हळद लागेल. आपल्या पेल्यात असते अर्धा चमचा, म्हणजे जेमतेम दीड ग्रॅम. प्रयोगशाळेतल्या बशीत जंतू मेले, म्हणून एवढ्याशा हळदीनं ते शरीरातही मरतील असं नाही. जास्त मात्रेच्या गोळ्या घेणंही धोक्याचं ठरू शकतं, कारण पायपरिन फेफऱ्यावरच्या फेनिटॉइनसारख्या औषधांची रक्तातली पातळीही वाढवतं.

मग मसाले सोडायचे का? मुळीच नाही. गरम काढ्यानं घसा शेकतो, पोटात पाणी जातं, तोंडाला चव येते; आजारी माणसाला याचा मोठा आधार असतो. पण प्रतिकारशक्ती उभी राहते ती पुरेशी झोप, डाळी-कडधान्यं-भाज्यांचा पोटभर आहार आणि वेळेवर घेतलेल्या लसी यांवर. काढा जरूर प्या, पण एक वर्षाखालच्या बाळाला मधाचं बोटही चाटवू नका. आणि ताप उतरत नसेल किंवा धाप लागत असेल, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता डॉक्टरांकडे जा.