गंज काढा, लोखंड नको

वर्षानुवर्षं पडवीत उभी असलेली जुनी जावा पुन्हा रस्त्यावर आणायची ठरली की पहिला हात पॉलिश पेपरकडे जातो आणि दुसरा ग्राइंडरकडे. दोन्ही आवरावेत. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून या गाड्या 1961 पासून बाहेर पडू लागल्या आणि 1996 मध्ये कारखाना बंद झाला. सुटे भाग आजही मिळतात, पण मूळ पत्रा आणि मूळ आटे एकदा घासून घालवले की गेले. घरच्या घरी काम करणाऱ्याला हत्यारांइतकाच रसायनशास्त्राचा आधार लागतो.

गंज म्हणजे लोखंडावर चाललेला एक छोटा विद्युतघट. पृष्ठभागावरची एक जागा इलेक्ट्रॉन सोडते, दुसऱ्या जागी पाणी आणि प्राणवायू ते घेतात. मधला ओलावा हे मंडल पूर्ण करतो. त्या ओलाव्यात मीठ मिसळलं की वीज सोपी वाहते. म्हणून रत्नागिरीत उघड्यावर राहिलेली गाडी सोलापूरच्या गाडीपेक्षा लवकर खंगते. शिवाय तयार झालेला गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. बोल्ट पावसाळ्यातल्या दारासारखा आतल्या आत फुगून बसतो आणि पाना लावून जोर केला की मान तुटते.

वीजच हे घडवते, तर उलटी वीज देऊन पाहावी. प्लास्टिकच्या बादलीत पाणी आणि थोडा धुण्याचा सोडा घ्या. गंजलेला भाग साध्या 12 व्होल्टच्या बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला आणि एखादी भंगारातली लोखंडी पट्टी धन टोकाला जोडा. दोघांचा एकमेकांना स्पर्श नको. भागावर हायड्रोजनचे बुडबुडे येतात, गंज सैल होतो, त्यातला काही काळ्या ऑक्साइडमध्ये बदलतो आणि नायलॉनच्या ब्रशने सहज निघतो. या पद्धतीचं मोठं सुख म्हणजे चांगल्या लोखंडाला धक्का लागत नाही. आटे, कडा, कोरलेले आकडे जसेच्या तसे राहतात.

पथ्यं मात्र कडक आहेत. पट्टी स्टेनलेस स्टीलची नको, कारण तिच्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. सोड्याऐवजी मीठ नको, क्लोरिन वायू निघतो. ॲल्युमिनियमचे भाग या पाण्यात खाल्ले जातात. कठीण स्टीलच्या स्प्रिंगा हायड्रोजन शोषून ठिसूळ होऊ शकतात. आणि हे सगळं उघड्या हवेत, ठिणगीपासून लांब. हात घालण्याआधी चार्जर बंद.

पेट्रोलच्या टाकीत हा प्रयोग करू नये. रिकाम्या टाकीतली पेट्रोलची वाफ भरलेल्या टाकीपेक्षा धोकादायक असते, आणि तशा टाकीला वेल्डिंग करायला लावणं म्हणजे जिवाशी खेळ. आधी साबणाच्या पाण्याने पुन्हापुन्हा धुवा, मग सायट्रिक आम्लाचं सौम्य द्रावण भरून ठेवा. हे आम्ल लोखंडाच्या आयनांना धरून ठेवतं आणि गंज विरघळवतं. नंतर सोड्याच्या पाण्याने धुऊन टाकी ताबडतोब वाळवायची आणि आत तेल फिरवायचं. उघडं पडलेलं लोखंड बघता बघता पुन्हा तांबूस होतं. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल ओलावा ओढतं आणि जुन्या रबराला फुगवतं, तेव्हा पेट्रोलची नळी आणि कॉकचे वायसर नवेच घालावेत.

इंजिनात भौतिकशास्त्राची पाळी येते. ॲल्युमिनियमच्या केसिंगमध्ये घट्ट बसलेलं स्टीलचं बेअरिंग हातोड्याने ठोकून काढणारे फिटर मी पाहिले आहेत. केसिंगला तडा गेला की मग सुस्कारे. तापवल्यावर ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. 52 मिलिमीटरची खोबण 80 अंशांनी तापवली तर सुमारे 0.1 मिलिमीटरने मोठी होते. बेअरिंग त्याच्या निम्मंच फुगतं, तेवढ्या फरकात ते सुटतं. बसवताना नवं बेअरिंग फ्रीजरमध्ये ठेवून घ्यावं. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकची ऑइल सीलं तर न तपासता बदलावीत. पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी क्रँककेसमध्येच येतं. सील कडक झालं असेल तर तिथून जादा हवा शिरते, मिश्रण पातळ होतं, पिस्टन तापतो आणि जाम बसतो.

रंगाचा मोह सर्वांनाच असतो. पण फ्रेमला पावडर कोटिंग केलं आणि दिवे मंदावले, अशी तक्रार घेऊन येणारे पुष्कळ. या गाड्यांची वीज 6 व्होल्टची आणि ती फ्रेममधूनच परतते. 24 वॅटच्या दिव्याला 4 अँपिअर लागतात, आणि अर्थिंगच्या सांध्यावर पाव ओहमचा अडथळा आला तरी 6 पैकी जवळजवळ एक व्होल्ट तिथेच खर्च होतो. अर्थिंगच्या जागा रंगाआधी झाकून घ्याव्यात किंवा नंतर खरवडून मोकळ्या कराव्यात.

50 वर्षांहून जुन्या वाहनांसाठी केंद्र सरकारने 2021 मध्ये स्वतंत्र नोंदणीचे नियम केले. चासी आणि इंजिनात मोठे बदल केलेली गाडी त्यात बसत नाही. तेव्हा कामाला हात घालण्याआधी चासी आणि इंजिन क्रमांकांचे फोटो काढून ठेवा, आणि त्या दोन जागांवर पॉलिश पेपरही फिरवू नका.