दुखऱ्या गुडघ्याला हवी ती हालचाल

उतारवयातील गुडघेदुखीच्या मुळाशी बहुतेक वेळा ऑस्टिओआर्थ्रायटिस हा विकार असतो. त्यात हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत व लवचिक आवरण, म्हणजेच कूर्चा, पातळ आणि खडबडीत होत जाते, तिच्याखालचे हाड घट्ट होते, सांध्याच्या कडेने हाडाची वाढ होते आणि सांध्याच्या आतल्या अस्तराला अधूनमधून सूज येते. ‘गादी झिजली’, ‘वंगण संपले’ असे म्हणून हा विकार एखाद्या निर्जीव यंत्राच्या झिजेसारखा मानला जातो आणि जे झिजले आहे ते वापरू नये, या समजुतीने घरातील वडीलधाऱ्यांना बसवून ठेवले जाते. ही समजूत चुकीची आहे आणि तिच्यामुळे मूळ विकारात आणखी नुकसानाची भर पडते.

ग्रामीण महाराष्ट्रात हे दुखणे किती पसरले आहे, याचा शास्त्रशुद्ध मागोवा घेणारे एक महत्त्वाचे काम भीमेच्या खोऱ्यात झाले. पुणे जिल्ह्यातील उजनी जलाशयाकाठच्या भिगवण या गावी डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने आखलेल्या ‘कॉपकॉर्ड’ या पद्धतीनुसार, स्थानिक स्वयंसेवकांच्या मदतीने घरोघरी पाहणी केली. तपासलेल्या ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना, म्हणजे शंभरातील सुमारे अठरा जणांना, सांधे किंवा स्नायूंचे दुखणे असल्याचे तीत आढळले आणि दुखऱ्या जागांमध्ये गुडघा व कंबर या ठळक होत्या. खेड्यातील कष्टाची माणसे अशा दुखण्यांपासून सुरक्षित असतात, हा शहरी समज त्यानंतर टिकण्यासारखा राहिला नाही.

सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्यासारख्या तालुक्यात या गोष्टीचा उलगडा शेतीच्या कामाकडे पाहिले की होऊ लागतो. भौगोलिक मानांकन मिळालेली इथली मालदांडी ज्वारी काळ्या कसदार जमिनीत, परतीच्या पावसाच्या ओलीवर वाढते. तिची खुरपणी उकिडवे बसून, पुढे पुढे सरकत, तासन्‌तास चालते. काढणीच्या वेळी ताटे वाकून मुळासकट उपटावी लागतात आणि नंतर कणसे मोडण्याचे काम पुन्हा जमिनीवर बसून होते. या सगळ्यात कष्ट भरपूर असले, तरी गुडघ्याच्या दृष्टीने पाहिले तर तो एकतर पूर्ण दुमडलेल्या स्थितीत दाबाखाली अडकून राहतो किंवा वाकलेल्या कमरेमागे जवळजवळ स्थिर असतो. मांडीच्या स्नायूंना क्रमाने वाढत जाणारे काम आणि सांध्याला मोकळी, लयीतली हालचाल या दोन्ही गोष्टी त्यात क्वचितच मिळतात. त्यातच सुगीत अतिश्रम आणि उन्हाचा कडाका सुरू झाला की दोन-तीन महिने जवळपास निष्क्रियता, असा वर्षाचा चढउतार असतो. साठी-सत्तरीनंतर वापरात नसलेला स्नायू झपाट्याने उतरतो, त्यामुळे पुढच्या हंगामात तेच काम अधिक दुबळ्या पायांवर येऊन पडते. ‘शेतात राबतो, आणखी व्यायाम कशाला’ हा प्रश्न म्हणूनच मनापासून विचारला जात असला, तरी त्याचे उत्तर काम आणि व्यायाम यांच्या या फरकात आहे.

हालचाल हवी ती का, हे कूर्चेच्या रचनेवरून कळते. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण सांध्यातील चिकट द्रवातून होते आणि पाण्यात बुडवलेला स्पंज दाबला की पाणी सोडतो व मोकळा झाला की पुन्हा शोषून घेतो, त्याप्रमाणे पाऊल टेकताना पडणारा दाब आणि पाऊल उचलताना मिळणारी मोकळीक यांच्या आलटून-पालटून येण्याने हा द्रव कूर्चेत खेळता राहतो. हालचाल थांबली की हे पोषण मंदावते, सांधा आखडतो आणि मांडीच्या पुढच्या भागातील चार स्नायूंचा समूह, जो प्रत्येक पावलाचा हादरा झेलतो, क्षीण होऊ लागतो. कृत्रिम सांध्यात संवेदक बसवून केलेल्या मोजमापांत सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट आणि जिना उतरताना जवळजवळ साडेतीन पट भार येतो, असे दिसले आहे. म्हणजे साठ किलो वजनाच्या स्त्रीने माळवदावरून खाली उतरताना प्रत्येक पायरीला दोनशे किलोंहून अधिक भार गुडघ्यावर येतो आणि तो सांभाळणारा स्नायू जितका दुबळा, तितका तो भार सांध्याला जास्त सोसावा लागतो.

व्यायामाने झीज वाढेल ही भीती अमेरिकेत १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीने बरीचशी दूर केली. गुडघ्याचा हा विकार असलेल्या साठ वर्षे व त्यावरील ४३९ व्यक्तींपैकी काहींना चालण्याचा, काहींना स्नायूबळ वाढवण्याचा व्यायाम आणि उरलेल्यांना केवळ आरोग्यविषयक माहिती, असे दीड वर्ष दिले गेले. व्यायाम करणाऱ्या दोन्ही गटांत वेदना आणि परावलंबन माफक प्रमाणात का होईना, कमी झाले आणि क्ष-किरण चित्रांत त्यांच्या सांध्यांची स्थिती इतरांपेक्षा बिघडलेली आढळली नाही. पुढे अशा डझनावारी चाचण्यांचे एकत्रित परीक्षण झाले आणि निष्कर्ष त्याच दिशेचा निघाला, म्हणूनच आज जगभरातील वैद्यकीय मार्गदर्शिका या विकारावर व्यायामाला पहिल्या पंक्तीतला उपचार मानतात.

हा उपचार मंगळवेढ्यातल्या साध्या घरातही करता येतो. भिंतीला पाठ टेकून जमिनीवर किंवा तक्तपोशावर पाय लांब करून बसावे, गुडघ्याखाली टॉवेलची किंवा जुन्या लुगड्याची घट्ट गुंडाळी ठेवावी, गुडघ्याच्या मागच्या बाजूने ती खाली दाबावी, मांडी दगडासारखी घट्ट झालेली हाताला जाणवली की पाच आकडे मोजेपर्यंत धरून सोडावी. दहा-दहा वेळा, दोन्ही पायांनी, दिवसातून दोनदा. हे सवयीचे झाले की पाय सरळ ठेवून वीतभर उचलणे आणि त्यानंतर सर्वांत उपयोगी म्हणजे खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणे व सावकाश बसणे, असा क्रम ठेवावा. या शेवटच्या व्यायामासाठी सैल झालेली बाज चालत नाही, कारण तिच्यात शरीर खोल रुतते, गुडघे कमरेच्या वर येतात आणि उठताना सगळा ताण दुखऱ्या जागीच येतो. उंच, ताठ पाठीची लाकडी खुर्ची भिंतीला टेकवून घेतली आणि सुरुवातीला बैठकीवर एक जाड घोंगडी घडी करून घातली, तर जे उठणे अशक्य वाटत होते ते जमू लागते. पुढे बळ येईल तशी घोंगडी काढून टाकावी.

व्यायाम करताना थोडे दुखणे हा धोक्याचा इशारा नसतो, आणि इथेच बहुतेक जण माघार घेतात. दुखणे सोसवण्याइतपत असेल आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत ते मूळ पातळीवर येत असेल, तर मात्रा योग्य आहे. त्याहून अधिक रेंगाळले किंवा सूज वाढली, तर व्यायाम बंद न करता त्याची संख्या कमी करावी.

कामाची पद्धत बदलणे हा उपचाराचाच भाग आहे. उकिडवे बसून खुरपण्याऐवजी उभ्याने ढकलण्याचे सायकल कोळपे दोन ओळींमधले तण काढू शकते आणि खुरप्याचे काम फक्त ताटांच्या बुडापुरते उरते. कणसे मोडताना वीतभर उंचीचा का होईना, पाट किंवा स्टूल घ्यावे, भाकरी थापण्यासाठी चुलीपुढच्या बैठकीऐवजी ओटा वापरावा, शौचालयात खुर्चीसारखी बैठक बसवावी. ज्या घरांत म्हातारीच्या गुडघ्यांसाठी इतर सगळा खर्च होतो, तिथेही हा शेवटचा बदल संकोचापोटी वर्षानुवर्षे लांबणीवर पडतो, ही खेदाची गोष्ट आहे. काठी हातात घेण्याचीही अशीच लाज वाटते. ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध बाजूच्या हातात धरावी आणि दुखऱ्या पायाबरोबर पुढे टाकावी, म्हणजे त्या पायावरचा भार खरोखर कमी होतो.

चालण्याची आवड लावावी लागत नाही, असा हा मुलूख आहे. पंढरपूर इथून सुमारे पंचवीस किलोमीटरवर आहे आणि एकादशीला पायी जाण्याची ओढ गुडघे दुखू लागले म्हणून ओसरत नाही. ही ओढ मोठे भांडवल आहे, मात्र एरवी घराबाहेर न पडणाऱ्या माणसाने एकदम पंचवीस किलोमीटर चालणे आणि दीड-दोन महिने आधीपासून सपाट रस्त्यावर, दहा मिनिटांपासून सुरुवात करून दर आठवड्याला थोडे थोडे वाढवत गेल्यावर चालणे, यांत गुडघ्याच्या दृष्टीने मोठे अंतर आहे. जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांना आठवड्याला किमान १५० मिनिटांची मध्यम हालचाल सुचवते. ती दहा-पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत विभागली तरी चालते. भेगाळलेल्या काळ्या रानापेक्षा डांबरी रस्ता आणि झिजलेल्या चपलेपेक्षा मऊ तळाचे, मागे पट्टा असलेले पायताण बरे.

वजनाबाबत एवढे सांगणे पुरे, की शरीराचे एक किलो उतरले तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा सुमारे चार किलोंचा भार उतरतो. वेदनाशामक गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास जठर व मूत्रपिंड यांना अपाय करू शकतात, आणि सांध्यात दिले जाणारे स्टिरॉइडचे इंजेक्शन काही आठवडे आराम देत असले, तरी २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत दोन वर्षे दर तीन महिन्यांनी ते घेणाऱ्यांची कूर्चा अधिक पातळ झाल्याचे आणि वेदनेत मात्र विशेष फरक न पडल्याचे दिसले. गुडघा एकाएकी गरम व लाल होऊन सुजला, ताप आला किंवा तो अडकून बसला, तर मात्र घरगुती उपाय न करता डॉक्टरांकडे जावे. सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया शेवटच्या टप्प्यातील रुग्णांना मोठा दिलासा देते. तिच्यानंतरही मांडीचे स्नायू कमवावेच लागतात, आणि ते आधीपासून कमावलेले असतील तर उभे राहणे लवकर जमते.

फिजिओथेरपिस्ट प्रत्येक गावात मिळणे कठीण असले, तरी वर सांगितलेले व्यायाम एकदा नीट दाखवून घेतल्यावर आशा सेविका किंवा भजनी मंडळातील कोणी जाणती बाई ते पारावर दहा जणींकडून करवून घेऊ शकते, आणि समूहात केलेला व्यायाम एकट्याने केलेल्यापेक्षा सहसा जास्त दिवस टिकतो. स्नायूंतील फरक जाणवायला साधारण आठ ते बारा आठवडे लागतात. ज्वारीची रास घरात आली की, म्हणजे चैत्राच्या सुमारास, सुरुवात केल्यास आषाढी वारीपर्यंत पायांत बळ येते आणि रब्बीची पेरणी उरकून पहिली खुरपणी निघेपर्यंत ते टिकवायला मधले तीन-चार महिने हाताशी असतात.