नाडी बोटांना लागेना तेव्हा
(आणीबाणीचं वैद्यक : लेखांक ७)

महाशिवरात्रीच्या यात्रेत मार्कंड्याला वैनगंगेत आंघोळीसाठी माणसांची रीघ लागते. अशा गर्दीत कुणी अचानक कोसळलं, की जमलेल्यांपैकी एक जण त्याचं मनगट धरतो आणि म्हणतो, "थांबा, नाडी पाहू द्या." छातीदाब कसा द्यायचा ते आपण मागच्या लेखात पाहिलं. आज या नाडी पाहण्याविषयी, कारण वेळ वाया जातो तो इथेच.

हृदय बंद पडलेल्या माणसाचं मनगट पाहून काही कळत नाही. डॉक्टर मानेतल्या मोठ्या धमनीवर बोटं ठेवतात, तेही फार तर दहा सेकंद. रक्तदाब अगदी खाली गेला असेल तर ठोका असूनही बोटांना लागत नाही. उलट, घाबरलेल्या तपासणाऱ्याला स्वतःच्याच बोटांतले ठोके रुग्णाचे वाटतात. १९९६मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी याची परीक्षा घेतली. बायपास शस्त्रक्रियेत यंत्र रक्त फिरवत असतं तेव्हा रुग्णाला नाडी नसते. अशा वेळी प्रथमोपचार शिकलेल्यांना मान तपासायला दिली. नाडी नाही, हे दहा सेकंदांत ओळखणारे जवळजवळ निघालेच नाहीत. २०००च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी सामान्य माणसाच्या शिकवणीतून नाडी तपासणं काढूनच टाकलं.

रुग्णालयात मात्र हा प्रश्न टाळता येत नाही, आणि तिथे सोनोग्राफी कामी येते. छातीदाब चालू असतानाच प्रोब मानेवर ठेवून धमनी शोधून ठेवायची. प्रोब किंचित दाबला की शेजारची शीर चपटी होते, धमनी गोल राहते. दाब थांबला की पडद्यावर पाहायचं : धमनी स्वतःहून फुगते आहे का? डॉप्लर लावला तर रक्ताचा वेगही दिसतो.

हृदयावर प्रोब ठेवला तर आणखी एक गोष्ट कळते. ईसीजीवर रेषा हलते, बोटांना नाडी नाही, पण पडद्यावर हृदय क्षीणपणे आकुंचन पावतं आहे, असे काही रुग्ण असतात. त्यांच्यात बऱ्याचदा दुरुस्त करता येण्याजोगं कारण दडलेलं असतं : बाळंतपणातला मोठा रक्तस्राव, हृदयाभोवती साचलेलं पाणी, फुप्फुसात अडकलेली गुठळी. अशा माणसाला हृदय पूर्ण थांबलेल्यापेक्षा जगण्याची संधी अधिक असते. ते ओळखू आलं नाही, तर वाचू शकणारा माणूस हातचा जातो.

पण या यंत्राचा धोकाही खरा आहे. चित्र नीट दिसेपर्यंत डॉक्टर प्रोब हलवत राहतात आणि छातीदाब थांबलेलाच राहतो. म्हणून एकाने मोठ्याने सेकंद मोजायचे, दहा झाले की दाब सुरू. तोवरचं चित्र यंत्रात साठवून मग बघत बसावं.

आपल्याकडे सोनोग्राफीचं यंत्र म्हटलं की गर्भलिंगनिदानाचा कायदा आलाच. असा कायदा करणारं महाराष्ट्र पहिलं राज्य, १९८८मध्ये, केंद्राचा १९९४चा. लहान, हातात नेता येणाऱ्या यंत्रांवर तर आणखी बंधनं आहेत. ती सैल करा, असं मी अजिबात म्हणणार नाही. मुलींच्या जिवासाठीच ती आली. मात्र नोंदणी झालेलं यंत्र सोनोग्राफीच्या खोलीत कुलपात राहावं, असं कायदा सांगत नाही. चामोर्शी असो की गडचिरोली, ते कॅज्युअल्टीत, चार्ज केलेलं आणि मानेची धमनी शोधायचा सराव असलेल्या डॉक्टरच्या हाताशी हवं.

वैनगंगेच्या काठावर यातलं काहीच नसेल. तिथे तुम्ही असाल. माणूस हाकेला ओ देत नाही, श्वास नाही किंवा नुसते आचके येताहेत, एवढं दिसलं की नाडी शोधू नका. एकाने १०८ला फोन लावा, दुसऱ्याने छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबत राहा. दमलात तर हात बदला, पण गाडी येईपर्यंत दाबणं थांबवू नका.

(पुढील आठवड्यात : शॉक देणारं यंत्र)