एसआर गोळी फोडून घेताय? आधी तिच्या आत काय चालतं ते समजून घ्या

मधुमेहासाठी मेटफॉर्मिन एसआर घेणाऱ्या काही जणांना एखाद्या सकाळी धक्का बसतो. शौचात गोळीच्याच आकाराचा मऊ, फिकट गोळा दिसतो. 'गोळी पचलीच नाही, पैसे वाया गेले' असं वाटतं. मग घरातल्या घरात उपाय निघतो: उद्यापासून गोळी फोडून किंवा चुरा करून घ्यायची. गडबड इथे सुरू होते.

बाहेर पडलेला तो गोळा म्हणजे औषध नाही, औषधाचं रिकामं घर आहे. औषध त्यातून आधीच निघून शरीरात गेलेलं असतं. असं होऊ शकतं, हे या गोळ्यांच्या माहितीपत्रकातही लिहिलेलं असतं. पण माहितीपत्रक वाचतो कोण?

हे घर बांधलंच कशासाठी?

मेटफॉर्मिनचं रक्तातलं प्रमाण साधारण 6 तासांत निम्म्यावर येतं. त्यामुळे साधी गोळी दिवसातून दोन-तीनदा घ्यावी लागते. एसआर गोळीत दिवसभराचं औषध एकत्र भरलेलं असतं, पण ते हळूहळू सुटतं. हा वेग ठरवतो पॉलिमर, म्हणजे लांबच लांब साखळीसारख्या रेणूंचा पदार्थ.

यातला सर्वात जास्त वापरला जाणारा पॉलिमर म्हणजे हायप्रोमेलोज. लाकडाच्या लगद्यातल्या किंवा कापसातल्या सेल्युलोजवर रासायनिक प्रक्रिया करून तो तयार होतो. फालुद्यातला सब्जा आठवा. बी पाण्यात पडलं की भोवती बुळबुळीत थर फुगतो. गोळीचंही तसंच होतं. पोटातलं पाणी लागताच बाहेरचा भाग फुगून जेल बनतो आणि आतल्या औषधाला या जेलमधून वाट काढत बाहेर यावं लागतं. दुसरीकडे जेलचा बाहेरचा थर हळूहळू झिजत राहतो.

या संथ प्रवासाचं गणित अमेरिकेतले शास्त्रज्ञ ताकेरू हिगुची यांनी 1961 मध्ये मांडलं. आधी ते मलमांसाठी होतं, नंतर गोळ्यांसाठीही वापरलं गेलं. त्यानुसार बाहेर आलेलं औषध वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. म्हणजे पहिल्या तासात जेवढं सुटलं, त्याच्या दुप्पट सुटायला एकूण 4 तास लागतात. प्रत्यक्ष गोळी या सूत्राला अगदी तंतोतंत जुळत नाही, पण अंदाज बांधायला ते आजही कामी येतं.

आता हीच गोळी मधोमध तोडा. पाण्याला भिडणारी नवी बाजू उघडी पडते, औषधाला कापायचं अंतर कमी होतं आणि वेग वाढतो. चुरा केला तर जेलचा थर धरतच नाही. 24 तासांसाठी ठेवलेलं औषध थोड्या वेळात एकदम अंगात जातं. मेटफॉर्मिनच्या बाबतीत मळमळ, जुलाब होऊ शकतात. रक्तदाबाच्या औषधात धोका मोठा: दाब झपकन उतरतो, चक्कर येते, म्हातारं माणूस पडतं.

रक्तदाबावरच्या निफेडिपिनच्या काही गोळ्या तर अक्षरशः छोटे पंप असतात. वर सेल्युलोज अॅसिटेटचं कवच, त्यातून फक्त पाणी आत शिरतं. कवचाला लेझरने पाडलेलं एक बारीक भोक. आतला पॉलिमर फुगून औषधाला त्या भोकातून बाहेर ढकलत राहतो. पंप मधोमध कापला तर काय उरेल, हे वेगळं सांगायला नको.

पॉलिमरचं गणित चुकलं की काय होतं, ते अमेरिकेत 2005 मध्ये दिसलं. पॅलाडोन ही हायड्रोमॉर्फोन या तीव्र वेदनाशामकाची 24 तासांची कॅप्सूल होती. तिच्यातले दाणे प्लास्टिकच्या पाइपसारखेच बनायचे: औषध आणि पॉलिमर गरम करून, फिरत्या स्क्रूने दाबत, छिद्रातून काढायचे. आपल्या चकलीच्या सोऱ्याचाच थोरला भाऊ. पाण्यात हे दाणे नीट वागत. पण चाचणीत 40 टक्के अल्कोहोलसोबत कॅप्सूल दिली, तेव्हा रक्तातली औषधाची सर्वोच्च पातळी पाण्यासोबत घेतल्यापेक्षा सरासरी सुमारे 6 पट झाली. या औषधाच्या जास्त मात्रेने श्वास थांबू शकतो. जुलै 2005 मध्ये पॅलाडोनची विक्री थांबली. त्या दाण्यांतला इथाइलसेल्युलोज पाण्यात विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतो.

आपली गोळी यातली आहे का, हे कसं ओळखायचं? नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर, एक्सएल, सीआर अशी अक्षरं असतात, किंवा बारीक अक्षरांत 'प्रोलॉन्ग्ड रिलीज' छापलेलं असतं. ते साठीच्या माणसाला चष्मा लावूनही दिसत नाही, ही गोष्ट वेगळी. त्यात दुकानदार पट्टी कापून 4 गोळ्या देतो आणि नाव राहतं त्याच्याकडच्या तुकड्यावर. अशा वेळी नाव असलेल्या बाजूचा फोटो मोबाइलवर काढून ठेवलेला बरा.

गोळीवर मधोमध रेघ आहे म्हणून ती तोडता येते, असंही सरसकट समजू नका. मेटोप्रोलॉल एक्सएलच्या काही गोळ्या रेघेवर अर्ध्या करता येतात, कारण त्यांत शेकडो सूक्ष्म दाणे असतात आणि प्रत्येकावर पॉलिमरचा स्वतंत्र लेप असतो. गोळी दुभंगली तरी बहुतेक दाणे शाबूत राहतात. पण त्याही चावायच्या किंवा कुटायच्या नाहीत.

अडचण खरी होते ती अंथरुणाला खिळलेल्या, नाकातून नळी घातलेल्या रुग्णांच्या घरी. तिथे सगळ्या गोळ्या खलबत्त्यात कुटून पाण्यातून दिल्या जातात. त्यात एसआर गोळी असेल तर डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगा. बऱ्याच औषधांची साधी गोळी किंवा पातळ औषध मिळतं. मात्र त्याची मात्रा आणि वेळा वेगळ्या असतात, त्यामुळे चिठ्ठी नव्याने लिहून घ्यावी लागते.