चिमणी बसविताना

सातारा-सांगलीकडील अनेक आजींचे निम्मे आयुष्य चुलीपुढे गेले आहे. धुराने फुप्फुसांची झालेली हानी घरात गॅस आला म्हणून भरून निघत नाही. कांदा-लसूण चटणीची फोडणी पडताच त्यांना ढास लागते ती यामुळेच. अशा घरी विजेची चिमणी उपयोगी ठरते. मात्र ती नीट बसविलेली हवी.

शेगडीपासून तिची उंची साधारण ६५ ते ७५ सेंटिमीटर असावी. निर्मात्याची पुस्तिका सांगेल ते प्रमाण मानावे. नळी घराबाहेरच काढावी, माळ्यावर सोडू नये. प्लगला अर्थिंग हवेच. जाळीवर साचलेले तेल पेट घेऊ शकते, म्हणून ती नियमित धुवावी. पण ज्येष्ठांनी त्यासाठी स्टुलावर चढू नये.

चिमणी खोलीतील हवा बाहेर ओढते. खिडक्या बंद असतील, तर जवळच्या गॅस गीझरचा विषारी कार्बन मोनॉक्साइड घरात खेचला जाऊ शकतो. त्याला वास नसतो. म्हणून खिडकी थोडी उघडी ठेवावी.

गॅसचा वास आला, तर मात्र चिमणीचे बटण मुळीच दाबू नका. ठिणगीने भडका उडू शकतो. रेग्युलेटर बंद करा, दारे-खिडक्या उघडा, बाहेर पडा आणि १९०६ वर कळवा. हा क्रमांक मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावून ठेवा.