सुरुवात हळू, शेवट वेगात: धावताना दम कसा राखावा?

पहिले दोन किलोमीटर भरधाव आणि शेवटचे तीन पाय ओढत, असा अनुभव तुम्हालाही आला असेल. बऱ्याचदा याचे कारण तंदुरुस्ती कमी असणे हे नसून सुरुवातीचा चुकलेला वेग हे असते.

असे का होते?

धावायला लागल्यावर हृदयाचे ठोके, श्वास आणि स्नायूंचा रक्तपुरवठा पुरेसा वाढायला काही मिनिटे लागतात. त्याआधीच जोर लावला, तर स्नायूंना ऑक्सिजनशिवाय जास्त ऊर्जा तयार करावी लागते. त्यात स्नायूंमधील साखरेचा साठा, म्हणजे ग्लायकोजेन, झपाट्याने संपतो. शरीरही लवकर तापते. सुरुवातीला अंगात उत्साह असल्याने हे लक्षात येत नाही.

वेग किती वाढवायचा?

थोडासाच. २०१८ च्या बर्लिन मॅरेथॉनमध्ये एलिउड किपचोगे यांनी तेव्हाचा विश्वविक्रम केला. त्यांनी पहिले अर्धे अंतर ६१ मिनिटे ६ सेकंदांत आणि दुसरे ६० मिनिटे ३३ सेकंदांत कापले. फरक फक्त ३३ सेकंदांचा!

समजा, तुम्हाला १० किलोमीटर ७० मिनिटांत पूर्ण करायचे आहेत:

- पहिले ३ किमी: प्रत्येकी ७ मिनिटे १५ सेकंद. पूर्ण वाक्ये बोलता आली पाहिजेत.
- मधले ४ किमी: प्रत्येकी ७ मिनिटे. छोटी वाक्ये बोलता येतील.
- शेवटचे ३ किमी: प्रत्येकी ६ मिनिटे ४५ सेकंद. दोन-चार शब्दच बोलता येतील.

चढ किंवा दमट हवा असेल तर घड्याळापेक्षा श्वासावर विश्वास ठेवा. ही पद्धत आधी सरावात वापरून पाहा.

शेवटी जीव तोडून धावू नका

लांब शर्यतींमध्ये हृदय अचानक बंद पडण्याच्या घटना दुर्मीळ असल्या, तरी त्यांतील बऱ्याच शेवटच्या टप्प्यात घडतात. म्हणून वेग वाढवण्यापूर्वी स्वतःला विचारा, 'मला बरे वाटते आहे ना?' उत्तर 'नाही' असेल, तर वेग वाढवू नका.

यांनी आधी डॉक्टरांशी बोलावे

- हृदयविकार, उच्च रक्तदाब किंवा मधुमेह असलेल्यांनी, तसेच घरात कमी वयात हृदयविकार झालेला असल्यास.
- बीटा ब्लॉकर गोळ्या घेणाऱ्यांनी. या गोळ्यांमुळे ठोके कमी राहतात, त्यामुळे घड्याळावरील आकड्यावरून श्रमाचा अंदाज चुकतो.
- इन्सुलिन किंवा साखर खूप उतरवू शकणारी औषधे घेणाऱ्यांनी. धावताना ग्लुकोज किंवा साखर जवळ ठेवा.

लगेच थांबा

छातीत दुखणे किंवा दाब जाणवणे, चक्कर, नेहमीपेक्षा वेगळी धाप, छातीत अनियमित धडधड किंवा गोंधळल्यासारखे वाटणे, यांपैकी काहीही झाल्यास धावणे थांबवा आणि वैद्यकीय मदत घ्या. अंतिम रेषा शंभर मीटरवर दिसत असली तरीही.